आजऱ्यात फेस, बोअरला साका: कपड्यांच्या साबणाचे रसायन आणि ‘चावी’वाले अर्देशिर गोदरेज

एकच साबण, एकच वडी. आजऱ्यात हिरण्यकेशीच्या पाण्यात धुणे घातले की दोन हात मारताच बादलीभर फेस. तीच वडी पिशवीत घालून शिरोळकडच्या पाहुण्यांकडे नेली आणि तिथल्या बोअरच्या पाण्यात घासली, तर फेसाऐवजी पाण्यावर पांढरट साका तरंगतो. कपडे वाळल्यावर टॉवेल पापडासारखा कडक. मग दोष कधी साबणाला, कधी धुणाऱ्या हाताला. खरा फरक असतो पाण्यात.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दोन शब्द आहेत, सुफेन आणि दुष्फेन. ज्यात चांगला फेस होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन. बोलताना आपण जड पाणी, खारे पाणी, सवळ पाणी म्हणतो. या जड पाण्याशी आणि कपड्यांच्या साबणाशी महाराष्ट्रातल्या एका मोठ्या उद्योजकाचे नाव जोडलेले आहे. कुलपे आणि तिजोऱ्यांमुळे ते घरोघरी माहीत झाले. त्यांनी आधी अंगाचा नव्हे, तर कपड्यांचा साबण काढला होता, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. ते म्हणजे अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज.

कोण होते अर्देशिर?

जन्म १८६८ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वडील बुर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत अर्देशिर थोरले. घराण्याचे मूळ आडनाव वेगळे होते, वडिलांनी १८७१ मध्ये ते बदलून गोदरेज केले. पुढे हे आडनाव कपाटांवर, कुलपांवर आणि साबणाच्या वड्यांवर छापले जाईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

१८९० मध्ये त्यांचे बचुबाईंशी लग्न झाले. वर्षभरातच, २५ एप्रिल १८९१ रोजी, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून बचुबाई आणि त्यांच्यासोबतची नात्यातली एक मुलगी, दोघींचा मृत्यू झाला. बचुबाई तेव्हा अवघ्या विशीच्या होत्या. हा अपघात की गुन्हा, यावरून मुंबईत प्रचंड खळबळ उडाली, खटला चालला, आरोपी सुटला. अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्यावर लिहिताना हा प्रसंग अनेकदा एका ओळीत उरकला जातो. पुढच्या आयुष्यात हा माणूस कामात इतका का बुडालेला दिसतो, हा प्रश्न पडला तर या तारखेकडे एकदा बघावे लागते.

वकिली सोडली, चिमटे अडले

अर्देशिर शिकले कायदा. १८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी ते पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारला गेले. तिथे अशिलाची बाजू मांडताना आपल्याला खात्री नसलेली गोष्ट खरी म्हणून सांगावी लागणार, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी नकार दिला. नुसता तो खटला नाही, वकिलीच सोडली आणि मुंबईला परतले. या स्वभावाची किंमत त्यांनी पुढेही मोजली, आणि एकदा तर लगेचच.

मुंबईत ते एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून लागले. दुकानात शस्त्रक्रियेची हत्यारे परदेशातून यायची. ही इथेच बनवता येतील असे त्यांना वाटले. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये घेऊन त्यांनी कात्र्या, चिमटे, सुऱ्या बनवायला सुरुवात केली. माल चांगला झाला. घेणाऱ्याचीही तयारी होती, अट एकच: त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा शिक्का नको. शिक्का दिसला तर माल खपणार नाही, हा व्यापारी हिशेब होता. अर्देशिर शिक्क्यावर अडून बसले. धंदा बुडाला.

याच कामांकडून घेतलेल्या कर्जावर त्यांनी पुढचा डाव मांडला तो कुलपांचा. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १८९७ मध्ये लालबागला एका शेडमध्ये काम सुरू झाले. १९०२ पासून तिजोऱ्या. धाकटे भाऊ पिरोजशा काही वर्षांनी सोबत आले आणि दोघांची जोडी जमली: अर्देशिर प्रयोग करणार, पिरोजशा कारखाना वाढवणार. कुलपांची कथा मोठी आहे आणि अनेकदा सांगून झाली आहे. इथे मुद्दा साबणाचा.

कुलूपवाला साबणाकडे का वळला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात वडीचा साबण मुख्यतः बाहेरून यायचा. इंग्लंडच्या लिव्हर बंधूंचा सनलाइट १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरला होता. तो कपड्यांचाच साबण होता. देशी कारखाने नव्हते असे नाही. मिरतला १८७९ मध्ये एक साबण कारखाना सुरू झाला होता, म्हैसूर संस्थानानेही पहिल्या महायुद्धाच्या काळात चंदनाच्या साबणाचे काम हाती घेतले. तरी बाजार विलायती मालाच्या हातात होता, आणि महायुद्धात जहाजे अडकू लागली तेव्हा परावलंबन किती महाग पडते हेही दिसले.

दुसरी अडचण चरबीची. परदेशी साबणात जनावरांची चरबी सर्रास असायची. साबण म्हणजे स्निग्ध पदार्थ आणि अल्कली यांचा संयोग. स्निग्ध पदार्थ कुठूनही आला तरी रसायनाला फरक पडत नाही, माणसाला पडतो. अनेक हिंदू, जैन घरांत हा साबण देवघराच्या कपड्यांना लागू देत नसत. खेड्यापाड्यात तर प्रश्नच नव्हता, तिथे रिठा, राख, पापडखार, सोडा यांवरच धुणे भागायचे.

अर्देशिर यांनी फक्त वनस्पती तेलांपासून साबण बनवायचे ठरवले. १९१८ च्या सुमारास त्यांची कपडे धुण्याची वडी बाजारात आली. नाव ‘चावी’. कुलपांमुळे लोकांच्या विश्वासातला शब्द तयारच होता, तोच साबणाला दिला. जाहिरातीचे शिक्षण न घेतलेल्या माणसाच्या डोक्यातून निघालेले हे नाव आजच्या कुठल्याही एजन्सीने आनंदाने उचलले असते.

एक खुलासा इथेच करायला हवा. चावी हा जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण होता, असा दावा मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात वारंवार दिसतो. तो शब्दशः घेऊ नये. सीरियातल्या अलेप्पोत, फ्रान्सच्या मार्सेलिसमध्ये, स्पेनमध्ये ऑलिव्ह तेलाचा साबण शतकानुशतके बनत आला आहे. अर्देशिर यांचे श्रेय वेगळे आहे. इथल्या तेलांवर, कारखान्याच्या प्रमाणात, चरबीचा अंशही न वापरता, विलायती वडीच्या तोडीचा माल काढणे हे काम सोपे नव्हते. प्रत्येक तेल वेगळे वागते. खोबरेल तेलाचा साबण टणक होतो, पटकन फेस देतो. शेंगदाण्याच्या तेलाचा मऊ पडतो, फेस उशिरा येतो. योग्य मिश्रण साधले नाही तर वडी एक तर पाण्यात विरघळून जाते, नाहीतर दगडासारखी घासत बसावी लागते.

वडी तीच, पाणी वेगळे

आता पाण्याकडे. साबणाच्या रेणूला डोके आणि शेपूट असते. शेपूट तेलकट मळाला धरते, डोके पाण्याला. असे अनेक रेणू मिळून मळाचा कण कपड्यापासून उचलून पाण्यात सोडतात. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. ते साबणाच्या डोक्याला पकडतात आणि न विरघळणारा पदार्थ तयार होतो. तोच तो साका. सगळे कॅल्शियम-मॅग्नेशियम असे साबण खाऊन संपत नाही, तोवर फेस येत नाही. म्हणजे जड पाण्यात आपण आधी पाणी धुतो, मग कपडे.

किती साबण वाया जातो, याचे गणित करता येते. पाण्याचा जडपणा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रमाणात मोजतात. १ ग्रॅम जडपणामागे सुमारे ६ ग्रॅम शुद्ध साबण खलास होतो. १५ लिटरची बादली घ्या. पाण्याचा जडपणा ४० असेल, तर चार ग्रॅमहूनही कमी साबण वाया जाईल. जडपणा ३०० असेल, तर सुमारे २७ ग्रॅम. एका बादलीला. खळबळण्याच्या बादल्या वेगळ्या. महिन्याला किती वड्या लागतात याचा घरातला हिशेब पाण्यावर कसा ठरतो, ते यातून दिसते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत आहे. म्हणजे ३०० चे पाणी पिण्यासाठी अपवाद नाही, पण साबणासाठी मोठा खर्च आहे.

आजऱ्याचे पाणी मऊ का, तर पाऊस आणि खडक. हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते आणि आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे जाते. घाटमाथ्यावर धो धो पाऊस, त्यात जांभा खडक. हजारो वर्षांच्या पावसाने जांभ्यातले विरघळणारे क्षार केव्हाच वाहून गेलेले असतात. पाणी खडकात फार काळ मुरत राहत नाही, धावते. उलट पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो, पाणी काळ्या बेसॉल्टच्या भेगांत वर्षानुवर्षे साठते आणि क्षार उचलत राहते. शिरोळ तालुक्यात तर बेसुमार पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. आजऱ्यातही नदीचे पाणी सोडून खोल बोअर मारली, तर त्या पाण्याचा फेस नदीसारखा असेलच असे नाही.

अर्देशिर यांच्या मुंबईचे काय? तिथले नळाचे पाणी विहार, तुळशी आणि १८९२ पासून तानसा तलावाचे. पावसाने भरणारे तलाव, म्हणून पाणी मऊ. मुंबईच्या धोबीघाटावर जी वडी उत्तम फेस देते, तीच घाटावरच्या कोरड्या मुलखातल्या विहिरीवर नापास होऊ शकते. वडी तीच, पण गिऱ्हाईक साबणालाच नावे ठेवणार. देशी माल आधीच संशयाने बघितला जात असताना ही अडचण छोटी नव्हती.

तेलाची निवड इथे कामाला येते. खोबरेल तेलाच्या साबणाचे रेणू आखूड असतात. ते जड पाण्यातही त्यातल्या त्यात बरा फेस देतात, इतके की जहाजांवर समुद्राच्या पाण्यासाठी खोबरेल तेलाचाच साबण वापरला जायचा. चरबीच्या साबणाचे रेणू लांब, त्यांचा साका लवकर होतो. वनस्पती तेल हा मुद्दा म्हणूनच केवळ सोवळ्याचा राहत नाही.

दोन आधी, एक नंतर

चावीनंतर १९२० च्या सुमारास अंगाचा साबण आला. नाव ‘नंबर २’. नंबर १ कुठे आहे, तर तो नव्हताच, तो १९२२ मध्ये आला. यामागे अर्देशिर यांचा हिशेब असा होता म्हणतात की, दोन नंबरचा साबण इतका चांगला असेल तर एक नंबर कसा असेल, असे लोकांनी मनाशी म्हणावे. रवींद्रनाथ टागोर, अॅनी बेझंट, सी. राजगोपालाचारी अशी मोठी नावे पुढे या देशी साबणाच्या पाठीशी उभी राहिली.

स्वदेशीबद्दल अर्देशिर यांचे मत मात्र त्या काळाच्या वाऱ्यापेक्षा जरा तिरके होते. माल देशी आहे म्हणून वाईट असला तरी घ्या, हे त्यांना मान्य नव्हते. ग्राहकाने त्याग करायचा आणि कारखानदाराने आळस करायचा, ही कसली स्वदेशी, असा त्यांचा रोख. चिमट्यांवरच्या शिक्क्यासाठी धंदा बुडवणारा आणि देशी म्हणून निकृष्ट माल खपवायला विरोध करणारा माणूस एकच, यात विसंगती नाही. शिक्का लपवायचा नाही आणि शिक्क्याच्या आड लपायचेही नाही.

देशकार्याला पैसा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात आखडला नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. गांधीजींशी त्यांचे मतभेद होते, तरी गांधीजींच्या मनात त्यांच्याबद्दल आदर होता. साबणाचाच धंदा करणाऱ्या दुसऱ्या एका उद्योजकाने आशीर्वाद मागितला, तेव्हा गोदरेज यांचे नुकसान होणार असेल तर तो देता येणार नाही, अशा अर्थाचे उत्तर गांधीजींनी पाठवल्याचे सांगितले जाते.

आजच्या बादलीत हे कसे लावायचे?

अर्देशिर यांच्या वडीच्या जागी आता बहुतेक घरांत पावडर किंवा लिक्विड आले आहे. ते साबण नव्हे, डिटर्जंट. त्याचा रेणू कॅल्शियमला सहज बळी पडत नाही, म्हणून साका होत नाही. पण जड पाणी डिटर्जंटलाही पुरते सोडत नाही. पावडरीतला काही भाग पाणी मऊ करण्यातच खर्च होतो, मळ पुन्हा कपड्यावर बसतो आणि पांढरे कपडे हळूहळू करडे पडतात. म्हणून पाण्याप्रमाणे प्रमाण बदलावे लागते.

पाणी कसे आहे ते पाच मिनिटांत कळते. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका, झाकण लावून जोरात हलवा. पाण्यावर दाट फेस टिकला आणि खालचे पाणी स्वच्छ दिसले, तर पाणी मऊ. फेस बसला आणि पाणी दुधी झाले, तर जड. ही चाचणी पावडर, लिक्विड किंवा शाम्पूने करू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. अंगाला लावायच्या काही वड्याही डिटर्जंटच्या असतात, वेष्टन बघून घ्या.

आजऱ्यासारख्या मऊ पाण्याच्या गावात चूक उलट बाजूने होते. पावडर जास्त पडते. पाकिटावरचे प्रमाण बहुधा मध्यम किंवा जड पाणी आणि बऱ्यापैकी मळलेले कपडे धरून असते. मऊ पाण्यात त्याच्या अर्ध्या-पाऊण मापाने सुरुवात करून बघावी. फेस म्हणजे स्वच्छता हे समीकरण चुकीचे आहे. जादा पावडर खळबळून निघत नाही, कपड्यात राहते, पावसाळ्यात आधीच न वाळणाऱ्या कपड्यांना कुबट वास धरतो, कुणाच्या अंगाला खाज सुटते. वॉशिंग मशीन असेल तर जादा फेस कपड्यांचे एकमेकांवर घासणेच कमी करतो. ड्रममध्ये कपडे कोंबू नयेत, वर हात फिरेल इतकी जागा ठेवावी.

जांभ्याच्या भागात आणखी एक भानगड असते, लोखंडाची. काही विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह असते आणि पांढऱ्या कपड्यांवर तांबूस छटा येते. अशा डागावर ब्लीच टाकले तर डाग जात नाही, पक्का होतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक अॅसिडचे पाणी उपयोगी पडते. अॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही करू नये, विषारी वायू तयार होतो.

जड पाणी असेल तर सर्वांत स्वस्त उपाय धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचा. ३०० जडपणाच्या १५ लिटर पाण्याला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा कोरडा सोडा पुरतो. खड्यांचा सोडा असेल तर सुमारे १३ ग्रॅम, कारण खड्यात पाणीच निम्म्याहून जास्त असते. सोडा आधी पाण्यात विरघळवावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग साबण किंवा पावडर. सोड्याने कॅल्शियम खाली बसते, मॅग्नेशियमवर तो तितका चालत नाही. रेशीम आणि लोकरीला सोडा लावू नये, हातांनाही तो झोंबतो.

बंबात किंवा गीझरमध्ये तापवलेले पाणी थोडे मऊ होते, कारण जडपणाचा काही भाग उष्णतेने निघून भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपात बसतो. गीझरच्या कॉइलवर चढणारा थर तोच. तुरटीने मात्र पाणी मऊ होत नाही, फक्त गढूळपणा बसतो. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण धुण्याला वापरतात. विचार चांगला, पण ते पाणी मूळ पाण्याहून जास्त जड असते. फरशीला चालेल, पांढऱ्या शर्टाला नको.

मऊ पाणी थोडेच असेल, पावसाचे साठवलेले किंवा टँकरचे, तर ते कुठे वापरावे? वडी वापरत असाल तर साबण लावताना आणि पहिल्या खळबळण्याला. अनेक जण उलट करतात, जड पाण्यात धुऊन शेवटी चांगल्या पाण्यातून काढतात. पण साबण भरलेला कपडा जड पाण्यात बुडवला की साका कपड्याच्या धाग्यातच तयार होतो आणि नंतर कितीही पिळला तरी पूर्ण निघत नाही. टॉवेल कडक होण्याचे मोठे कारण हेच. असा कडक झालेला टॉवेल पातळ सायट्रिक अॅसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास भिजवून साध्या पाण्यातून काढला, की बराच सैलावतो.

नाशिकची शेती

साबणाचा धंदा मार्गी लागल्यावर अर्देशिर तिथेच थांबले नाहीत. साठीच्या उंबरठ्यावर, १९२८ मध्ये, त्यांनी व्यवसाय पिरोजशांच्या हाती दिला आणि नाशिकला गेले. तिथे शेती करून बघितली. चिमटे, कुलपे, तिजोऱ्या, साबण आणि आता माती. नव्या कामाला पहिल्यापासून हात घालण्याची खोड वयाने गेली नव्हती. शेतीत त्यांना कारखान्यासारखे यश मिळाले नाही. १९३६ मध्ये ते गेले.

पुढचा विस्तार पिरोजशांनी केला. १९४० च्या दशकात विक्रोळीची विस्तीर्ण जमीन त्यांनी घेतली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लोखंडी मतपेट्या तिथल्याच कारखान्यात बनल्या. १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा अनेक तिजोऱ्यांतले कागद शाबूत राहिले.

जड पाण्याचे उत्तर मात्र अर्देशिर यांना बघायला मिळाले नाही. कॅल्शियमला न जुमानणाऱ्या डिटर्जंटवर जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या वेळीच काम सुरू झाले होते. चरबीची टंचाई हे त्यामागचे एक कारण. म्हणजे मुंबईत चावीची जुळवाजुळव चालू होती, त्याच सुमारास साबणाला पर्याय शोधला जात होता. अमेरिकेत १९४६ मध्ये जड पाण्यातही चालणारी टाइड पावडर आली. तिच्यात पाणी मऊ करणारे फॉस्फेट होते. तेच फॉस्फेट पुढे नद्या-तलावांत शेवाळ आणि जलपर्णी पोसते म्हणून अनेक देशांनी त्यावर बंधने घातली. भारतात सर्फ आली १९५९ मध्ये. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सायकलवरून निरमा विकायला सुरुवात केली आणि पावडर सामान्य घराच्या आवाक्यात आली.

तरीही वडी गेली नाही. कॉलर, कफ, मुलांच्या गणवेशाचे गुडघे यांवर घासायला आजही ती लागतेच. फक्त दुकानात ‘साबण’ म्हणून मिळणारी कपड्यांची वडी बहुतेकदा डिटर्जंटची असते, तेलाची नसते. तेलाची खरी वडी हवी असेल तर पाकीट उलटून वाचावे लागते. आणि ती हातात आलीच, तर तिला हिरण्यकेशीचे पाणी मानवते.